मापाशी इमान

व्यापारी घरातील मुलाला अक्षरांच्या आधी मापांची ओळख होते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. सराफाच्या पेढीवर तोळा, मासा आणि गुंज. कापडाच्या दुकानात गज आणि मीटर. आडतीवर क्विंटल आणि किलो. जळगावच्या सोन्यासाठी दूरदूरचे गिऱ्हाईक येते, ते केवळ घडणावळीच्या नक्षीवर भुलून येत नाही. काटा खरा आहे आणि कस खरा आहे, या विश्वासावर ते येते. गिऱ्हाईक स्वतः वजन करून पाहत नाही. ते पाहत नाही म्हणूनच पेढीची जबाबदारी वाढते. जिथे तपासणारा कोणी नाही तिथेही माप खरे ठेवणे, ही आपल्या बाजारपेठेची जुनी शिकवण आहे.

हीच शिकवण ज्याच्या मुळाशी आहे असा एक छंद जगात मोठ्या निष्ठेने जोपासला जातो. तो म्हणजे आगगाडीच्या हुबेहूब लहान प्रतिकृती घडवण्याचा. खेळण्यातली आगगाडी सर्वांनी पाहिलेली असते. चावी दिली की गोल फिरते, मुले टाळ्या पिटतात आणि आठवड्याभरात ती माळ्यावर जाते. येथे विचार आहे तो तिच्या थोरल्या, गंभीर भावंडाचा. या छंदातील कारागीर खऱ्या रेल्वेचे प्रत्येक माप घेतो, ते एका ठरलेल्या प्रमाणात लहान करतो आणि रुळाच्या उंचीपासून डब्याच्या पायरीपर्यंत सर्व काही त्या एकाच प्रमाणात उतरवतो. कुठेही सवलत घ्यायची नाही, हा त्याचा नियम.

हा नियम ऐकायला सोपा आणि पाळायला अवघड आहे. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण ८७ ला १ असे आहे. खऱ्या वस्तूचे ८७ मिलिमीटर म्हणजे प्रतिकृतीत १ मिलिमीटर. या हिशेबाने मध्यम उंचीचा माणूस जेमतेम १९ मिलिमीटरचा होतो. आपल्या गाड्यांचा परिचित जुना निळा डबा सुमारे २१.३ मीटर लांब. तो साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. इथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण येते रुळांपाशी.

या प्रमाणासाठी बाजारात जे तयार रूळ मिळतात, त्यांच्यातील अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने गुणले तर १४३५ मिलिमीटर येतात. हे युरोप-अमेरिकेतील बहुतेक रेल्वेमार्गांचे माप आहे. भारताचे ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचे. म्हणजे प्रतिकृतीत रूळ एकमेकांपासून १९.२६ मिलिमीटर दूर हवेत. तयार रुळांवर भारतीय डबा ठेवला तर तो पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पायावर उभा राहतो. दुरून पाहणाऱ्याला हे कळणार नाही. परंतु भुसावळ किंवा जळगावच्या फलाटावर लहानपणापासून उभ्या राहिलेल्या माणसाला, कारण सांगता आले नाही तरी, काहीतरी चुकल्यासारखे वाटते. आपल्या गाडीचा तो ऐसपैस, रुंद पाय ठेवून उभा राहण्याचा डौल हरवलेला असतो.

इंग्लंडमधील छंदी मंडळींनी हाच प्रश्न अनेक दशके सोसला. तेथील इंजिने आकाराने लहान असल्यामुळे जुन्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या प्रतिकृतींत मावत नसत. म्हणून गाडी थोडी मोठ्या प्रमाणात, एका फुटाला ४ मिलिमीटर अशी बनवली गेली. रूळ मात्र तेच १६.५ मिलिमीटरचे राहिले. खरे माप १८.८३ मिलिमीटर हवे होते. सव्वादोन मिलिमीटरांहून थोडी अधिक अशी ही तूट बहुतेकांनी चालवून घेतली. १९६०च्या दशकात काही चिवट मंडळींनी ती चालवून घ्यायचे नाकारले. त्यांनी खऱ्या रेल्वेची मापे पुढे ठेवून चाके, रूळ आणि सांधे यांची नवी कोष्टके तयार केली आणि ‘प्रोटोफोर’ या नावाने तो मार्ग रूढ केला. त्यांना हटवादी म्हणणारे पुष्कळ होते. पण त्यांच्या गाड्या चालताना पाहिल्यावर अनेकांचे मत बदलले.

अचूकपणाची ही वाट किती निसरडी आहे, ते चाकावरून समजते. गाडी रुळावर राहते ती चाकाच्या आतल्या बाजूच्या कडेमुळे, जिला रेल्वेची माणसे फ्लँज म्हणतात. भारतीय रेल्वेच्या नव्या चाकाची ही कड २८.५ मिलिमीटर खोल असते. ८७ ने भागले तर ती एक तृतीयांश मिलिमीटर उरते. खेळण्याच्या चाकांना ही कड जाड आणि खोल दिलेली असते. त्यामुळे वेड्यावाकड्या रुळांवरूनही खेळणे धावते. एक तृतीयांश मिलिमीटरची कड मात्र काहीही खपवून घेत नाही. रूळ कुठे केसभर उचलला गेला, सांधा किंचित सैल राहिला, तर गाडी तिथेच उतरते. म्हणून असा कारागीर डब्याच्या आसांना बारीक स्प्रिंग लावतो, प्रत्येक स्लीपर हाताने बसवतो आणि दर काही सेंटिमीटरला माप लावून पाहतो. मोठ्या कडेच्या आधारावर चुका झाकत चालायचे, की कड लहान ठेवून वाटच सरळ करायची, हा निर्णय केवळ छंदापुरता राहत नाही. कोणत्याही पेढीला तो कधीतरी करावाच लागतो.

महाराष्ट्रात या छंदाचे नाव निघाले की पुण्याचे स्मरण होते. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. ८७ ला १ याच प्रमाणातील एक अख्खे शहर तेथे आहे. रस्ते, पूल, दिवे, सिग्नल, सर्कशीचा तंबू आणि त्यांच्या मधून धावणाऱ्या निरनिराळ्या काळांतील गाड्या. निवेदनाच्या साथीने एकेक गाडी निघते, मग दिवे मंदावतात आणि त्या शहरात रात्र होते. एका माणसाने आपल्या हौसेसाठी आरंभलेले काम पुढे सर्वांचे झाले. पुण्याला शिक्षणासाठी गेलेल्या खानदेशातील मुलांनी आणि त्यांना भेटायला जाणाऱ्या आई-वडिलांनी एकदा तरी पाहावे असे ते स्थळ आहे.

पुण्याचे ते शहर कल्पनेतील आहे आणि त्यात काही उणे नाही. कल्पनेतील नगरी घडवण्याची परंपरा जैन समाजाला नवी नाही. अजमेरच्या सोनीजींच्या नसियांमध्ये एकोणिसाव्या शतकात साकारलेली सुवर्णनगरी अनेक कुटुंबांनी यात्रेत पाहिलेली असेल. सोन्याने मढवलेली ती अयोध्या पाहताना कोणी फूटपट्टी काढत नाही. तेथे श्रद्धेने वर्णिलेले वैभव डोळ्यांपुढे उभे करायचे असते. मंदिरांतील समवसरणाची रचनाही त्याच जातीची. तिचे माप शास्त्रात आणि भावनेत असते.

प्रतिकृतीचा दुसरा प्रकार यापेक्षा वेगळा आहे. तो साक्षीदाराचा आहे. अमुक गावी, अमुक साली, अमुक गोष्ट अशी होती, एवढेच तो सांगतो आणि त्यात आपल्या मनाचे काहीही मिसळत नाही. रॉय इंग्लंड नावाच्या एका ऑस्ट्रेलियन तरुणाची कथा या प्रकारात सर्वांत बोलकी आहे. तो १९२५ साली इंग्लंडला आला आणि एका खोऱ्यातील जुन्या, गवती छपरांच्या घरांच्या प्रेमात पडला. ती घरे त्याच्या डोळ्यांदेखत पाडली जात होती, बदलली जात होती. थांबवण्याची सत्ता त्याच्याकडे नव्हती. त्याने मापे घ्यायला सुरुवात केली. पुठ्ठ्यावर एकेक वीट वेगळी उठवून, जलरंगांनी रंगवून तो ती घरे लहान रूपात उभी करत गेला. १९५४ साली त्यातून पेंडन संग्रहालय जन्मले. त्या खोऱ्यातील गावे आणि त्यांच्या मधून जाणारी रेल्वे १९२० आणि १९३०च्या दशकांत जशी होती तशी तेथे आजही पाहता येते. मूळ घरांपैकी जी गेली, त्यांची मापे तेथे शिल्लक आहेत.

ही कथा खानदेशात सांगण्याला कारण आहे.

खानदेशचा व्यापार रेल्वेने घडवला. १८६०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग भुसावळला पोहोचला आणि तेथून एक फाटा नागपूरकडे, दुसरा खांडव्याकडे गेला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्तीच्या खोऱ्यातून सुरतेचा मार्ग आला आणि नंदुरबार, अमळनेर ही गावे गुजरातशी जोडली गेली. १९०० साली चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाला. कापसाच्या गाठी, भुईमूग, धान्य आणि पुढे रावेर, सावदा, निंभोरा या स्थानकांवरून उत्तरेकडे निघणारी केळी, हे सारे या रुळांवरून गेले. मारवाडातून, गुजरातेतून आलेल्या किती कुटुंबांनी आपली पहिली गादी स्थानकाजवळच्या पेठेत घातली, हे त्यांच्या जुन्या वह्या सांगतील.

याच जाळ्यातील सर्वांत धाकटी आणि सर्वांत लाडकी गाडी म्हणजे पाचोरा-जामनेर. लोकांच्या तोंडी ‘पीजे’. १९१८-१९च्या सुमारास सुरू झालेला, अडीच फूट रुंदीच्या रुळांचा, ५६ किलोमीटरचा हा मार्ग. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर असे थांबे घेत ती जामनेरला पोहोचायची. शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या यात्रेला जाणारे, बाजाराला जाणारे, शाळेला जाणारे, सारे तिचे प्रवासी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत देशातील सर्व गाड्या थांबल्या, तशी तीही थांबली. इतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या. ही झाली नाही. लोकांनी आंदोलने केली. आता त्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करून तो पुढे बोदवडपर्यंत नेण्याची योजना आहे. ती या भागासाठी हिताची आहे आणि तिला कोणी विरोध करणार नाही. मोठी गाडी येईल, माल जाईल, मुले लवकर पोहोचतील. परंतु मोठा रूळ येतो तेव्हा लहान रुळाची मापे पुसून टाकतो. फलाटाची उंची बदलते, वळणे सरळ होतात, लहान पुलांच्या जागी मोठे येतात, शंभर वर्षांच्या इमारती अडचण ठरतात.

म्हणून प्रतिकृती घडवण्याचा छंद खानदेशात कोणी गंभीरपणे हाती घ्यायचा असेल, तर त्याचा विषय पायाशी येऊन पडला आहे. योगायोग असा की गणितही या गाडीच्या बाजूने आहे. तिच्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर. ८७ ने भागले तर ८.७६ मिलिमीटर. युरोपातील डोंगरी गाड्यांसाठी बनणारे ९ मिलिमीटरचे रूळ आणि चाके बाजारात मिळतात. फरक पाव मिलिमीटराहून कमी. सवलतीने सुरुवात करायची असेल त्याने तेथून करावी. ज्याला सवलत नकोच, त्याने तांब्याचा पत्रा चढवलेल्या बारीक पट्ट्यांचे स्लीपर कापून त्यांवर रूळ डाखावेत. त्यासाठी लागणारी हत्यारे जळगावला परकी नाहीत. केसासारखी पाती असलेली करवत, बारीक कानशी, चिमटा, भिंग आणि डाख देण्याची कला, हे सारे सराफ बाजारातील कारागिरांच्या पाटावर रोज मांडलेले असते.

अख्खा मार्ग घरात मावणार नाही. ५६ किलोमीटर म्हणजे या प्रमाणात ६४४ मीटर, एखाद्या पेठेची लांबी. त्यामुळे निवड करावी लागते. ब्रॉडगेजची चोवीस डब्यांची गाडी सहा मीटरांहून लांब होते आणि बंगल्याच्या दिवाणखान्यातही वळत नाही. पीजेची गाडी मात्र एक लहान इंजिन आणि मोजके डबे. एखादे मधले स्थानक, एक फलाट, एक सांधा, एक निंबाचे झाड, एक केळीचा मळा, एवढे निवडले तर दुकानाच्या फळीवर बसेल. केळीचे झाड तीन सेंटिमीटरांचे होईल. पाने कागदाची कापावी लागतील आणि वाऱ्याने फाटलेली दाखवावी लागतील, कारण जळगावच्या केळीचे जून पान अखंड नसते. जमिनीसाठी रंग शोधण्याची गरज नाही. खानदेशची काळी माती वस्त्रगाळ करून तीच पसरता येते.

खरे काम त्याआधीचे आहे आणि ते कागदावरचे आहे. इमारतीचे छायाचित्र घेताना शेजारी खुणा केलेली काठी उभी करायची. मग चित्रातले प्रत्येक माप त्या काठीवरून काढता येते. जुने छायाचित्र असेल तर विटांचे थर मोजायचे, दाराची उंची धरायची. एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडाचा फलाटावरील फोटो असेल, तर नवरदेवाच्या मागे दिसणाऱ्या खिडकीच्या गजांची संख्या त्यात सापडते. रेल्वेच्या हद्दीत जायचे तर परवानगी घेऊनच जायचे. आणि सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे घरातील वडीलधारी माणसे. बाकडे लाकडी होते की सिमेंटचे, पाण्याचा रांजण कोणत्या बाजूला होता, डब्याचा रंग कोणता, मालाची पावती कोणत्या खिडकीत मिळे, हे त्यांना ठाऊक असते. कोणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत. नातवाने कागद-पेन्सिल घेऊन समोर बसावे आणि “आजोबा, फलाटावर चढायला पायऱ्या किती होत्या?” असे विचारावे. आयुष्यभर मुलांना हिशेब विचारणाऱ्या माणसाला अशा प्रश्नाचे जे अप्रूप वाटते, ते दुसऱ्या कशाने क्वचितच वाटत असेल.

व्यापारी घरात या छंदापुढे प्रश्न उभे राहतील आणि ते रास्त आहेत. पहिला, याचा उपयोग काय? दुसरा, पैसा किती? तिसरा प्रश्न मोठी माणसे उच्चारत नाहीत, पण त्यांच्या मनात असतो: हा परिग्रहच नाही का? परदेशातून खोक्यांमागून खोकी मागवायची, इंजिनांची रांग लावायची आणि कपाट भरले की दुसरे कपाट घ्यायचे, असे या छंदाचे एक रूप खरोखरच आहे. त्याबद्दल शंका घेणारे चुकत नाहीत. परंतु मापाशी बांधलेल्या कारागिराला ते रूप परवडतच नाही, कारण त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो. एक वाघीण नीट घडवायला महिना लागतो. तिचे दार, तिच्या कड्या, तिच्या तळाशी असलेले ब्रेकचे दांडे, जे उलटी केल्याखेरीज कोणाला दिसणार नाहीत, ते सारे करता करता खरेदीची घाई आपोआप विझते. वर्षाला तीन वाघिणी घडवणारा माणूस संग्राहक राहत नाही. त्याचा खर्चही मग वहीत लपवण्याजोगा नसतो. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपणाऱ्या घरांत रात्रीचा एक तास मोकळा असतो. तो मोबाईलच्या पडद्यावर जातो की चिमट्याच्या टोकावर, एवढाच खरा प्रश्न उरतो.

उपयोगाचे उत्तर तितके सोपे नाही आणि ते ओढूनताणून देण्यात अर्थही नाही. या छंदातून धनप्राप्ती होत नाही. मुलाचे गणित सुधारेल, हात स्थिर होईल, चिकाटी वाढेल हे खरे. पण तेवढ्यासाठी इतर मार्ग आहेत. या कामातून मिळणारी गोष्ट निराळी आहे. आपल्या गावाकडे पाहण्याची नजर त्यातून येते. रुळाची बाजू तांबूस-तपकिरी असते आणि माथा चकाकतो, हे हजार वेळा फलाटावर उभे राहूनही बहुतेकांच्या ध्यानात आलेले नसते. इंजिन जिथे रोज थांबते तिथली खडी तेलाने काळी झालेली असते. वळणावर आतल्या आणि बाहेरच्या रुळाची उंची सारखी नसते. कारागिराला हे रंगवायचे असते, म्हणून तो ते पाहतो. एकदा पाहायची सवय लागली की ती रेल्वेपुरती राहत नाही. गिरणीच्या धुराड्यावरच्या विटांची नक्षी, जुन्या वाड्याच्या तुळईचा जोड, पेढीच्या लाकडी गल्ल्याची चकाकलेली कड, हे सारे दिसू लागते. जे दिसते ते सहजासहजी मोडवत नाही.

मापाइतकीच तारीखही या छंदात काटेकोर असावी लागते. कोणत्या सालचे स्थानक घडवायचे, हे आधी ठरवावे लागते. कारण पाटी, रंग, इंजिन, फलाटावरील माणसांचे कपडे, सारे त्यावर ठरते. पीजेच्या बाबतीत हा निर्णय रुळाच्या माथ्यावर येऊन थांबतो. चालू मार्गाच्या रुळाचा माथा चाकांच्या घासण्याने लखलखीत राहतो. गाडी बंद झाली की काही दिवसांत तोही बाजूसारखा तांबूस होतो. म्हणजे मार्च २०२० च्या आधीचे शेंदुर्णी आणि नंतरचे शेंदुर्णी यांतला फरक रंगवायला एक रेष पुरते. प्रतिकृतीत तर त्या रेषेला आणखी एक अर्थ आहे. लहान गाडीला वीज मिळते ती रुळांच्या माथ्यावरूनच, बहुधा १२ व्होल्टची. माथ्यावर धूळ वा गंज बसला की गाडी अडते. म्हणून तो रोज पुसावा लागतो आणि त्यावरून गाडी फिरवत ठेवावी लागते. पाचोरा ते जामनेर या वाटेवरचा शंभर वर्षांचा तो चकाकता रूळ आता कुठे टिकायचा असेल, तर एखाद्या घरातील फळीवर, आजोबांनी सांगितलेल्या आणि नातवाने मोजलेल्या मापांतच टिकेल. ते सांगू शकतील अशी माणसे अजून आपल्या घरांत आहेत. मापे घेण्याचे दिवस हेच आहेत.